स्नॉब, स्नॉबरी : अर्थ, वापर आणि व्युत्पत्तीच्या दंतकथा

टाकसाळ (धागाकर्ता)

'स्नॉब' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो वापरताना कोणी अडखळत नाही. तरीही त्याच्या वापरात एक गोम आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. साहेबाच्या मागेपुढे करणारा, बड्या लोकांशी असलेली ओळख चारचौघांत मिरवणारा माणूस स्नॉब ठरतो. आणि आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या, कमी पैशाच्या किंवा वेगळ्या उच्चाराच्या माणसाकडे पाहून नाक मुरडणाराही स्नॉबच ठरतो. एकाची नजर वर लागलेली असते, दुसऱ्याची खाली. ही दोन्ही कामे एकाच शब्दाकडे कशी आली?

इंग्रजीत १७८० च्या सुमारास हा शब्द आढळतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी साधा आहे : जोडे शिवणारा मोची, किंवा त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोऱ्या. त्याआधी तो कोठून आला याचा माग लागत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो उचलला आणि झगा न घालणाऱ्या, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या कोणाही गावकऱ्याला स्नॉब म्हणायला सुरुवात केली. पुढे १८३० च्या आसपास त्याचा अर्थ 'सामान्य कुळातला, खालच्या थरातला माणूस' असा रुंदावला. त्यानंतर वरच्या थराची नक्कल करू पाहणारा, पण ती धड न साधणारा गावंढळ माणूस स्नॉब झाला. इतरांना कमी लेखणारा हा आजचा अर्थ मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीस स्थिरावला. सव्वाशे वर्षांत हा शब्द जिना चढून वर गेला आणि ज्यांना पूर्वी हे नाव ठेवले जात असे, त्यांच्याकडेच वरून पाहू लागला.

हा प्रवास माहीत असला की व्युत्पत्तीची ती लाडकी कथा टिकत नाही. 'सिने नोबिलिताते', म्हणजे 'कुलीनतेविना', या लॅटिन शब्दांचे 'एस. नॉब.' हे संक्षिप्त रूप बिनसरदारी घराण्यातल्या मुलांच्या नावापुढे लिहीत असत आणि त्यातून 'स्नॉब' तयार झाला, असे सांगितले जाते. ही नोंद कोठे होत असे, हे सांगणाऱ्यागणिक बदलते : कोणी ऑक्सफर्डच्या पटावर म्हणतो, कोणी ईटनच्या, तर कोणी जहाजावरच्या प्रवाशांच्या यादीत. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत यांनी १९३० मधल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाला पुढे जोडलेल्या प्रस्तावनेच्या तळटीपेत ही कथा खरी मानून दिली आहे. प्रत्यक्षात अशा नोंदीचा पुरावा नाही, आणि शब्दाचे सर्वांत जुने अर्थ तर थेट मोच्याच्या दुकानात नेऊन सोडतात. मला मौज वाटते ती याची की मोच्याच्या पोऱ्याचे नाव असलेल्या शब्दाला लॅटिन कुळ चिकटवण्याचा हा खटाटोप स्वतःच स्नॉबरीचा उत्तम नमुना आहे.

या कथेचे एक भावंड आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. 'पॉश' हा शब्द पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवरच्या तिकिटांवरून आला, असे अनेक जण ठामपणे सांगतात. इंग्लंडहून मुंबईला येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीत असे, म्हणून धनिक प्रवासी त्याच खोल्या घेत आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का त्यांच्या तिकिटावर बसे, अशी ती हकीकत आहे. असे शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, आणि ही कथा छापील स्वरूपात दिसू लागते ती १९३० च्या दशकात, म्हणजे शब्द प्रचारात आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची चाल मुळात विसाव्या शतकातली आहे. त्यापूर्वीच्या शब्दाची अशी फोड कोणी करून दाखवली, तर ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

---

कर्कोटक

उत्तम धागा. शब्दाला आजचे वजन ज्याने मिळवून दिले, त्या विल्यम मेकपीस थॅकरेविषयी थोडी भर घालतो. (मुंबईच्या ठाकरे घराण्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि या लेखकाच्या आडनावाचे स्पेलिंग एकच आहे, एवढे सांगून तो विषय येथेच सोडतो, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.)

थॅकरेचा जन्म १८११ मध्ये कोलकात्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. ते लवकर वारले आणि पाच वर्षांच्या मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १८२९ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, आणि त्याच वर्षी तेथे विद्यार्थ्यांचे एक छोटे साप्ताहिक निघाले, त्याचे नावच 'द स्नॉब' होते. त्या वर्षी विद्यापीठाच्या काव्यस्पर्धेचा विषय टिंबक्टू हा होता. पदक टेनिसनला मिळाले आणि थॅकरेने त्याच विषयावरचे विडंबन या साप्ताहिकात छापले. म्हणजे केंब्रिजच्या बोलीतला 'स्नॉब' त्याच्या कानावरून गेलेला नव्हता, तर त्याच्या लेखणीखालून गेलेला होता. पदवी न घेताच तो १८३० मध्ये तेथून बाहेर पडला. वडिलोपार्जित पैसा पुढे काही जुगारात आणि काही कोलकात्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या त्यात गेला, आणि पोटासाठी लेखन करण्याची वेळ आली. वरच्या थरात वावरण्याचे शिक्षण मिळालेले, पण तेथे राहण्यास लागणारा पैसा हातचा गेलेला, अशा माणसाला स्नॉब ओळखता न आला तरच नवल.

१८४६ च्या फेब्रुवारीपासून वर्षभर त्याने 'पंच' या विनोदी साप्ताहिकात इंग्लंडमधल्या स्नॉबांवर लेखमाला लिहिली आणि लेखक म्हणून सही केली ती 'त्यांच्यापैकीच एक' अशी. पुस्तकरूपाने ती १८४८ मध्ये आली. त्यात राजघराण्यातले स्नॉब आहेत, लष्करातले आहेत, धर्मोपदेशकांतले, विद्यापीठातले, क्लबातले आणि ऐपतीबाहेरच्या मेजवान्या देणारेही आहेत. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. नेपल्समध्ये निवेदकाबरोबर जेवायला बसलेला एक चांगला, शूर, उपकार करून चुकलेला मित्र सुरीच्या पात्यावर वाटाणे घेऊन खातो. निवेदक तेवढ्यावरून त्याच्याशी संबंध तोडतो, आणि काही वर्षांनी तो काट्याने वाटाणे खाऊ लागल्याचे दिसताच पुन्हा त्याच्या गळ्यात पडतो. येथे स्नॉब कोण, याचे उत्तर लेखक वाचकाच्या हाती देत नाही. सुरीने खाणारा आहे, असे निवेदक म्हणतो; पण वाचकाच्या लक्षात येते की खरा स्नॉब सही करणाराच आहे.

याच पुस्तकातली त्याची व्याख्या अशी : क्षुद्र गोष्टींचे जो क्षुद्रपणे कौतुक करतो, तो स्नॉब. या व्याख्येत तुच्छतेचा उल्लेखही नाही, हे ध्यानात घ्यावे. तिचा सगळा रोख कौतुकावर आहे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मताधिकार मिळालेला, १८४० च्या दशकात रेल्वेच्या शेअरांवर माणसे रातोरात श्रीमंत झालेली किंवा धुळीला मिळालेली, आणि १८२६ पासून बर्कचा सरदार घराण्यांचा कोश विकत मिळू लागलेला. पैसा आला, पण आता वागायचे कसे, या चिंतेत असलेला एक मोठा वर्ग या लेखमालेसमोर आयता उभा होता.

---

अडकित्ता

अवांतर : जोडे शिवणाऱ्याला 'स्नॉब' म्हणण्याची पद्धत ब्रिटिश नौदलाच्या बोलीत पुढेही बराच काळ टिकून होती. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांच्या गोठ्यात तर आणखी गंमत झाली. लोकर कातरताना कुंपणात शेवटी उरते ते सर्वांत अवघड मेंढरू. त्याला तेथे आधी 'मोची' म्हणत, कारण मोच्याच्या लाकडी साच्याला आणि 'शेवटचा' या अर्थाला इंग्रजीत 'लास्ट' हा एकच शब्द आहे. मग मोची म्हणजे स्नॉब, म्हणून त्या मेंढराचे नाव स्नॉबही पडले. लॅटिनवाल्यांनी या मेंढराचे काय करायचे ते ठरवावे.

---

निशिगंध_०७

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. मला वाटते की वर पाहणारा आणि खाली पाहणारा हे दोन स्नॉब नाहीतच; तो एकच माणूस आहे. आपली पायरी पक्की नाही, याची ज्याला धास्ती असते, तोच वरच्याला धरून ठेवतो आणि खालच्याला दूर लोटतो. ज्याची पायरी पक्की आहे त्याला यातले काहीच करावे लागत नाही. तो फार तर उर्मट असू शकतो.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३६ मध्ये 'मेमॉयर क्लब' या मित्रमंडळात 'मी स्नॉब आहे का' अशा मथळ्याचा निबंध वाचून दाखवला होता. इतरांवर छाप पाडण्याची इच्छा हे त्यांनी स्नॉबरीचे सार मानले. त्यात त्या सांगतात की टेबलावरच्या पत्रांच्या ढिगात सरदारी मुकुटाचे चिन्ह छापलेले एखादे पत्र असले, तर ते कसे कोण जाणे, नेहमी सर्वांत वर येऊन बसते. या एका तपशिलात जे आले आहे, ते व्याख्यांच्या पानभर मजकुरात येणार नाही. पत्र वर ठेवणारा हात कोणाचा हे बाईंना माहीत आहे. तो पत्र वाचणाऱ्याला दिसू नये, एवढीच त्यांची धडपड आहे.

याच संदर्भात इंग्रजांच्या १९५० च्या दशकातल्या 'यू' (म्हणजे 'अपर क्लास', वरच्या वर्गाचे) आणि 'नॉन-यू' वादाची आठवण होते. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये फिनलंडच्या एका विद्वत्पत्रिकेत इंग्लंडच्या वरच्या वर्गाच्या बोलीवर लेख लिहिला. नॅन्सी मिटफर्ड यांनी पुढच्याच वर्षी तो विषय सर्वसामान्य वाचकांपुढे आणला आणि देशभर धमाल उडाली. हात पुसायच्या कापडाला 'नॅपकिन' म्हणणारा वरचा, 'सर्व्हिएट' म्हणणारा खालचा. आरशाला 'लुकिंग ग्लास' म्हणणारा वरचा, 'मिरर' म्हणणारा खालचा. यात वरच्या वर्गाचे शब्द जुने आणि साधे आहेत, तर मधल्या वर्गाने नाजूक, परदेशी वळणाचे शब्द उचललेले आहेत. जो सभ्य दिसण्यासाठी धडपडतो, त्याची ती धडपडच त्याला उघडे पाडते. लेख प्रसिद्ध झाल्यावर कित्येकांनी आपले शब्द तपासून बदलले असतील, आणि त्यामुळे ते आणखीच 'नॉन-यू' झाले असतील.

---

चांदणवेल

एका गोष्टीवर हरकत घ्यावीशी वाटते. हल्ली कोणी जरा चोखंदळपणा दाखवला की त्याला स्नॉब म्हणून गप्प बसवण्याची पद्धत पडली आहे. ख्याल ऐकून कान तयार झालेल्या माणसाला एखादे गाणे बेसूर वाटले, तर तो त्याचा गुन्हा नाही. भेद करता येणे ही रसिकता आहे. स्नॉबरी सुरू होते ती भेद करता येत नसताना नावावर विसंबून केलेल्या भेदापासून.

उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या बाजारात हे रोज पाहायला मिळते. कर्नाटकातल्या आंब्यांना कोकणातल्या पेटीत बसवून विकण्याच्या तक्रारी दर मोसमात होतात. अशी पेटी घरी आली की देठाजवळ नाक नेऊन 'देवगडचा वास लपत नाही' असे म्हणणारे एक काका निघतातच. पेटीच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राची लिपी कानडी निघाली, की तेच काका पुढच्या फोडीला 'जरा पाणचट आहे' म्हणतात. वास तोच, फोड त्याच आंब्याची. कोकणातल्या ज्या बागायतदाराला पानाच्या देठावरून झाड ओळखता येते, त्याला या काकांच्या पंक्तीला बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या बागायतदाराची परीक्षा जिभेवर आणि नाकावर होते, काकांची कागदावर.

---

टाकसाळ

चांदणवेल, भेद मान्य आहे. मात्र पुढची एक अडचण उरते. रसिकतेचा अभ्यास असलेला माणूससुद्धा तो अभ्यास दुसऱ्याला खाली बसवण्यासाठी वापरू शकतो. गाणे बेसूर होते, हे म्हणणे वेगळे; आणि ते ज्यांना आवडले त्यांची लायकीच तेवढी, हे म्हणणे वेगळे. अमेरिकन राजकीय विचारवंत ज्युडिथ श्क्लार यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात स्नॉबरीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि असमानता टोचेल अशी करून दाखवण्याची सवय असे तिचे वर्णन केले आहे. जिभेची परीक्षा खरी असली, तरी टोचण्याचा हेतू असला तर ती स्नॉबरीच.

---

वेशीबाहेर

आतापर्यंतची चर्चा वाचली. एका ठिकाणी मात्र हा शब्द अपुरा पडतो, ते सांगणे आवश्यक वाटते. मुंबईतले युरोपियनांचे जुने क्लब हिंदी माणसांना सभासद करून घेत नसत. गव्हर्नर विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दोन्ही समाजांना खुला असणारा नवा क्लब काढला, त्याचे कारण हेच होते. या क्लबांच्या वागण्याला अनेक लेखांत सहजपणे स्नॉबरी म्हटलेले असते. ती स्नॉबरी नव्हे, तो वंशभेद होता. पैसा, शिक्षण, सुरी-काट्याचा सराव, यांपैकी काहीही मिळवून ज्या दारातून आत जाता येत नाही, तेथे स्नॉबरीचा प्रश्नच उद्भवत नाही. स्नॉबरीला जिना लागतो आणि त्या जिन्यावर चढ-उतार शक्य असावी लागते. अस्पृश्यतेला किंवा जातीवरून घर नाकारण्याला 'स्नॉबरी' म्हणणारे लेखही वाचनात येतात. अन्यायाचे असे सौम्य नामकरण मला तरी खपत नाही.

तरीही जातिव्यवस्थेचा आणि थॅकरेच्या अर्थाच्या स्नॉबरीचा एक खरा सांधा आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर दाखवला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली वाहते, आणि जो जवळचा वरचा असतो त्याचेच जास्त होते, असे तार्दचे म्हणणे. आंबेडकरांनी मांडले की एका वर्गाने स्वतःची दारे लावून घेतली, आणि इतरांनी काही अंशी त्याची नक्कल म्हणून, तर काही अंशी दारे आपल्यावर लागल्यामुळे आपापली दारे लावली. पुढे त्यांनी या रचनेचे वर्णन चढत्या क्रमाने आदर आणि उतरत्या क्रमाने तिरस्कार असे केले. धागाकर्त्यांनी विचारलेल्या दोन्ही नजरा, वरची आणि खालची, या एका वाक्यात आहेत. फरक एवढाच की येथे पायऱ्या जन्माने बांधून टाकलेल्या आहेत, त्यामुळे माणसाला चढायचे असेल तर अख्ख्या जातीला घेऊन चढावे लागते. सोवळे-ओवळे, मांसाहार सोडणे, पुनर्विवाह बंद करणे अशा मार्गांनी वर सरकू पाहणाऱ्या जातींविषयी समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ नंतर जे लिहिले, ते याच प्रकारात मोडते.

---

अडकित्ता

वेशीबाहेर यांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. मग मराठीतल्या 'ण' आणि 'न' च्या चेष्टेला काय म्हणावे? 'पानी', 'लोनी', 'आनि' असे बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे गुरुजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. उच्चार शिकता येतो, त्या अर्थी येथे जिना आहे. पण तो जिना कोणत्या आळीतून सुरू होतो हेही सर्वांना ठाऊक असते.

याबाबत अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. महाग, मध्यम आणि स्वस्त अशा तीन दुकानांत जाऊन ते चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करत, म्हणजे विक्रेत्याला 'फोर्थ फ्लोअर' असे उत्तर देणे भाग पडे. ऐकू न आल्यासारखे करून ते पुन्हा विचारत आणि त्या दोन शब्दांतला 'र' उच्चारला जातो की नाही ते टिपत. दुकान जितके महाग, तितका 'र' जास्त. पण शहरातल्या मुलाखतींत त्याहून बोलका निष्कर्ष निघाला : काळजीपूर्वक बोलताना निम्न मध्यमवर्गातली माणसे वरच्या वर्गापेक्षाही जास्त 'र' उच्चारत होती. आपल्याकडे 'ण' ची धास्ती घेतलेला माणूस 'मन' च्या जागी 'मण' म्हणून बसतो, त्याचे हे न्यूयॉर्कमधले रूप. हसणाऱ्या गुरुजींना स्नॉब म्हणावे. 'मण' म्हणणाऱ्याला म्हणू नये.

---

कर्कोटक

अर्थशास्त्रात हा शब्द निराळ्याच अर्थाने स्थिरावला आहे, त्याची नोंद असावी. हार्वी लायबेनस्टाइन यांनी १९५० मध्ये 'स्नॉब परिणाम' अशी संज्ञा रूढ केली. एखादी वस्तू इतर लोक घेऊ लागले, म्हणून ती घेण्याची आपली इच्छा कमी होणे, एवढाच तिचा अर्थ. वस्तू महाग आहे म्हणूनच हवीशी वाटणे, याला त्यांनी थॉर्स्टाइन व्हेब्लेनचे नाव देऊन वेगळे काढले. आपल्या रोजच्या बोलण्यात हे दोन्ही स्नॉबरीतच जमा होतात.

---

निशिगंध_०७

आता शेवटचा प्रश्न : याला मराठी शब्द कोणता? 'उच्चभ्रू' चालेल का?

---

टाकसाळ

'उच्चभ्रू' हा 'हायब्राउ' या इंग्रजी शब्दाचा घडवलेला प्रतिशब्द आहे. मुळात त्यात उंच कपाळ म्हणजे मोठी बुद्धी ही एकोणिसाव्या शतकातली समजूत आहे, म्हणून तो बुद्धी आणि अभिरुचीविषयी होता. आपल्या वर्तमानपत्रांनी मात्र 'उच्चभ्रू वस्तीत घरफोडी' असे छापून छापून त्याला निव्वळ पैशाचा अर्थ दिला आहे. तेथील रहिवाशांच्या अभिरुचीविषयी बातमीदाराला काही म्हणायचे नसते. त्यामुळे तो शब्द आता या कामाचा राहिलेला नाही.

खाली पाहणाऱ्यासाठी आपल्याकडे 'शिष्ट' हा नेमका शब्द आहे. 'ती फार शिष्ट आहे' असे घरात कोणी म्हटले, की मूळचा 'सुसंस्कृत' हा अर्थ कोणाच्याही मनात येत नाही. वर पाहणाऱ्यासाठी मात्र एका शब्दात भागत नाही. 'बडेजाव' हा स्वतःच्या थाटाचा असतो आणि 'लांगूलचालन' हे बहुधा काही पदरात पाडून घेण्यासाठी असते. थॅकरेच्या स्नॉबाला तर अनेकदा काहीच नको असते. फक्त लॉर्डसाहेबांबरोबर दोन पावले चालताना लोकांनी पाहावे, एवढीच त्याची इच्छा असते. म्हणून लेखनात जेथे केवळ तुच्छता दाखवायची असेल तेथे मी 'शिष्टपणा' लिहितो, आणि दोन्ही नजरा एकत्र दाखवायच्या असतील तेथे सरळ 'स्नॉबरी' ठेवतो. 'स्नॉबिझम' हे रूपही मराठीत दिसते. फ्रेंचांनी हा शब्द इंग्रजीतून घेऊन त्याला तसा प्रत्यय लावला. मराठीत लिहिताना 'स्नॉबरी' पुरेसे आहे.